वरच्या रांगेतली कौलं

मुसफ्फा, अबू धाबी
१२ जानेवारी २०२४

आदरणीय आगाशे मॅडम,

सलाम. परवा तुमच्या टॉवरच्या लॉबीत माशांची टाकी साफ करत होतो. मागून आवाज आला, "अरे, काच गोल गोल नको पुसू, ओरखडे पडतील!" माझ्या हातातला स्पंज पाण्यात पडला. तेवीस वर्षांनी तोच आवाज! रत्नागिरीच्या लॅबमध्ये हाच आवाज ऐकून आमच्या हातातले चिमटे पडायचे.

तुम्ही मला ओळखलं नाहीत, ते साहजिक आहे. मी राजिवड्याचा जमाल होडेकर. एस.वाय.ला झूलॉजीला होतो. वडील गेले आणि वर्ष अर्ध्यात सोडून इकडे आलो. तुम्ही म्हणालात, "काय करतोस ते लिहून पाठव, तोंडी सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही." म्हणून लिहितो. तसंही बोलताना माझं मराठी अर्धं हिंदी होतं, वर यल्ला आणि खलास. कागदावर मात्र अजून शाळेतलं आहे. आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर किसन दर गुरुवारी तुमच्याकडे येतो, तोच पत्रं पोचवेल.

मी शोभेच्या माशांच्या गोदामात आहे. दोनशे टाक्या. व्हिसावर 'क्लीनर' लिहिलंय, पण आलेला मासा खोक्यातून काढणं, निवडणं, जगवणं, सगळं मीच करतो. मुदीर, म्हणजे मॅनेजर, फक्त अरबी वाचतो, म्हणून बोर्डावर, टाकीवर, चिठ्ठीवर सगळं अरबीत लिहितो. आता हाताला तीच सवय लागलीय.

तर मुद्दा. पेरूहून 'कोरी'चं खोकं आलं. कोरी म्हणजे आपल्या शिंगटीचा लांबचा भाऊबंद, बोटाएवढा, तळाशी मिशा घासत फिरतो. अंगावर खवलं नाहीत, हाडांच्या पट्ट्या आहेत, दोन रांगांत, एकीवर एक बसलेल्या. मी त्यांना कौलं म्हणतो. बिचारा एवढं चिलखत घालून येतो आणि तुमच्याकडे बघून डोळा मारतो. खरंच मारतो, मॅडम!

दोनशेत अकरा मासे मला वेगळे दिसले. ठिपके तेच, पण अंग लांब, कौलं दाट. मोजली. मोजणी सोबतच्या चिठ्ठीवर आहे, फोटोही जोडलेत. कुठल्याच यादीत हा मासा मला सापडत नाही. तुम्ही बघाल का?

तुमचा अर्धा विद्यार्थी,
जमाल

*

अल रीम आयलंड
२१ जानेवारी २०२४

प्रिय जमाल,

पत्र दोनदा वाचलं. पस्तीस वर्षं मी मुलांना 'अस्थिपट्ट' शिकवत राहिले आणि ती माझ्याकडे गायीसारखी बघत राहिली. 'कौलं' म्हटलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. माझी हयात फुकट गेली म्हणायची!

आता ऐक. मी सह्याद्रीच्या नद्यांतल्या माशांची बाई. दक्षिण अमेरिकेचे मला पुस्तकातूनच माहीत. पण तुझी चिठ्ठी वाचून मी खुर्चीतून उठले. वरच्या रांगेत २०, खालच्या रांगेत २२? लेका, हे कुठेच नाही! माझ्याकडच्या सगळ्या पुस्तकांत या माशांची वरची रांग बावीस-तेवीस, फार तर चोवीस. तुझ्या आकड्याचा एकही नाही.

पुन्हा मोज. सगळे अकरा. तुझे फोटो वाईट आहेत, त्यातून काही कळत नाही, तेव्हा सगळी मदार तुझ्या मोजणीवर. आणि खोकं नेमक्या कुठल्या पाण्यातून आलं ते शोधून काढ. ठिकाण नसलेला मासा शास्त्राला अनाथ असतो. त्याला कोणी दारात उभं करत नाही.

लीमाच्या म्युझियममध्ये एक बाई आहेत, याच माशांवर केस पांढरे केलेल्या. त्यांना मी आज ईमेल करते आहे.

विभावरी आगाशे

*

मुसफ्फा
८ फेब्रुवारी २०२४

आदरणीय मॅडम,

अकराही मासे तीन-तीन वेळा मोजले. आकडा तोच. नवी चिठ्ठी जोडली आहे. जाळ्याने पकडलं तर कोरीचा काटा जाळीत अडकतो आणि तो घाबरतो, म्हणून मगने उचलून छोट्या काचेच्या डबीत ठेवतो आणि भिंगाने बघतो. एक मोजून होईपर्यंत दुसरा वर येऊन हवेचा घोट घेऊन जातो. बघत बसावंसं वाटतं. मुदीर म्हणतो, "हबीबी, तुला पगार मासे बघायला देतो की विकायला?"

फोटो वाईट आहेत म्हणालात त्याचं नवल वाटलं. मला तर त्यात कौल अन् कौल दिसतं. असो.

ठिकाणाचं सांगतो. खोकं बांधणाऱ्या माणसाला फोन लावला. मोबाईल माझं हिंदी स्पॅनिशमध्ये करून त्याला ऐकवतो. पहिल्या दिवशी म्हणाला, "सगळे पकडतात तिथलेच." चौथ्या दिवशी त्याच्या पोरांची चौकशी केली, माझ्या मुलीबद्दल, इनायाबद्दल सांगितलं, तेव्हा खरं बोलला. हे अकरा त्याच्या मेव्हण्याने आणले होते. होडीने दोन दिवस वर गेलं की एक ओढा लागतो, चहासारख्या काळ्या पाण्याचा, तिथून. ओढ्याचं नाव आणि काढलेला नकाशा पाठवतोय.

एक विचारू? नवा निघाला तर पुढे काय होतं? आणि कोणी मोजला ते कुठे लिहितात का?

तुमचा अर्धा विद्यार्थी,
जमाल

*

अल रीम आयलंड
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय जमाल,

शाब्बास! दुसरा शब्द नाही. मुसफ्फाच्या गोदामात बसून तू पेरूच्या जंगलातला ओढा शोधलास. माझ्या पीएच.डी.च्या पोरांना ताम्हिणीचा ओढा सापडत नसे.

लीमाच्या बाईंचं उत्तर आलं. 'वर २०, खाली २२' वाचून त्यांनी म्युझियममधल्या सगळ्यांना बोलावून घेतलं म्हणे. विचारतात, मोजणाऱ्यावर तुमचा भरवसा आहे का? मी लिहिलं, पूर्ण. माझा विद्यार्थी आहे, तीनदा मोजलंय, मी शब्द देते. त्या आता एका परिषदेत हे बोलणार आहेत.

तू विचारलंस म्हणून सांगते. नवा निघाला की त्याचं वर्णन छापायचं, नमुना म्युझियमच्या बरणीत ठेवायचा, नाव द्यायचं. त्या दिवसापर्यंत तो शास्त्राला ठाऊकच नसतो. मोजणारा कोण, तेही त्या कागदावर येतं. तुझं येईल, ही माझी जबाबदारी.

पुढचे तीन आठवडे मी जरा बाहेर आहे. पत्र नाही आलं तरी काळजी करू नकोस.

विभावरी आगाशे

*

मुसफ्फा
२० मार्च २०२४

आदरणीय मॅडम,

एक मासा काल गेला. वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, आता हा तुमच्या हाती येईल. स्पिरिटमध्ये घालून किसनबरोबर पाठवतो आहे. बरणीवर ओढ्याचं नाव आणि तारीख लिहिली आहे. इनाया या वर्षी बारावी सायन्सची परीक्षा देतेय. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "Abba, seriously? A new species?" माझ्या बायकोने, हमीदाने, रत्नागिरीत सगळ्या मोहल्ल्याला सांगून टाकलंय. इन्शाल्ला तुमचा निरोप चांगलाच येईल.

तुमचा अर्धा विद्यार्थी,
जमाल

*

अल रीम आयलंड
२५ मार्च २०२४

जमाल,

बरणी मिळाली. माझ्या नातीने, अवनीने, मोजलं. मग मी मोजलं. मग माझ्या मुलाने, निनादने, मोजलं. वरच्या रांगेत पंचवीस आहेत. वीस नाहीत, पंचवीस. एकाचा फरक असता तर चूक म्हटलं असतं. पाच कौलं चुकून गळत नाहीत.

तीनदा मोजलं म्हणालास. मोजलंच नाहीस. नवा मासा काढायची हौस झाली आणि अद्भुत वाटेल असा आकडा ठोकून दिलास. खोटं बोललास, जमाल. माझ्या शब्दावर त्या बाई परिषदेत उभ्या राहिल्या. आता मी त्यांना काय तोंड दाखवू? सत्तरीला आल्यावर ही नामुष्की.

मासे विकायचे तर विक. माझ्याकडून विषय संपला.

वि. आगाशे

*

मुसफ्फा
२ मे २०२४

मॅडम,

उत्तराला महिना लागला, कारण तीन पत्रं लिहून फाडली.

मी पहिल्या दिवसापासून पंचवीस लिहीत आलोय. पंचवीस. मुद्दाम अक्षरात लिहितो. परवा जेवताना किसनला सगळं सांगितलं आणि चिठ्ठीची माझ्याकडची प्रत दाखवली. तो म्हणाला, "वीसच लिवलंयस की रं." मी म्हटलं, कुठे? त्याने बोट ठेवलं आणि माझा घास हातातच राहिला. गोदामाच्या सवयीने चिठ्ठीवर आकडे अरबी पडले होते. अरबी पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. दोनाचा आकडा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. त्यामुळे खालची बावीस तुम्ही बावीसच वाचलीत आणि वरची पंचवीस झाली वीस. उलट तुमच्या पत्रांतला २० मीही त्याच सवयीने पंचवीसच वाचत गेलो.

चूक माझी. सवय माझी. पण मॅडम, तुम्ही एकदा विचारायचं होतंत, "जमाल, हे वीस कसे?" तुम्ही विचारलं नाहीत, खोटा म्हणालात. आणि हे दुसऱ्यांदा.

तुम्हाला आठवणार नाही. एस.वाय.च्या प्रॅक्टिकलला काजळी नदीतला मासा होता, अंगावरच्या रेषेतली खवलं मोजायची होती. माझी एकेचाळीस आली. तुम्ही लाल शाईने खोडलंत आणि बाजूला लिहिलंत, 'न मोजता लिहू नये. पुस्तक बघ.' पुस्तकात अडतीस होती. मी चार वेळा मोजली होती. पुढच्या महिन्यात मी इकडे आलो. पण तेव्हापासून जो मासा हातात येतो तो मी मोजतो. सवय म्हणा, राग म्हणा.

राहिलेले दहा. तुम्ही विका म्हणालात, मी रागाने विकायच्या टाकीत सोडले. पाच गेले. चार आहेत. आणि एक तुमच्याच लॉबीतल्या टाकीत आहे. तुमचं ते पत्र यायच्या आदल्या गुरुवारी मीच सोडला होता, तुम्हाला येता-जाता दिसावा म्हणून.

जमाल होडेकर

*

अल रीम आयलंड
३ मे २०२४

प्रिय जमाल,

मला माफ कर. हे पहिलं वाक्य आणि हेच खरं पत्र आहे.

चूक तुझी नाही. तुझे फोटोही वाईट नव्हते, माझे डोळे वाईट होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. निनादला सांगितलं की लगेच "आई, हे बंद कर, ते बंद कर" सुरू होतं, म्हणून लपवलं. तुझ्यापासूनही लपवलं. चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचली. तीन आठवडे 'बाहेर' होते ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. आज नव्या डोळ्यांनी चिठ्ठी पुन्हा काढली. तो गोल वर किंचित टोकदार आहे. आपलं शून्य असं नसतं. बघणाऱ्याला दिसलं असतं.

एकेचाळीस खवलं मला आठवत नाहीत, पण लाल शाई आठवते. पुस्तक आणि विद्यार्थी यांचं जमलं नाही की मी कायम विद्यार्थ्याला खोडलं. कधी मासा पुन्हा उचलून पाहिला नाही. त्याची मला आज लाज वाटते आहे, आणि ती वाटलेली बरी.

पत्र वाचून तशीच खाली गेले. टाकीला नाक लावून अर्धा तास उभी. सिक्युरिटीवाला विचारतो, "मॅडम, कुछ गिरा क्या?" मी म्हटलं, हो, अक्कल गिरा. मग तो आला, दगडामागून. वर जाऊन घोट घेतला, खाली आला आणि जमाल, त्याने डोळा मारला! महिनाभर मी त्याच्या समोरून तोंड फिरवून जात होते.

लीमाला सगळं जसंच्या तसं कळवलं. बाईंचा मोठेपणा बघ. परिषदेत हसं झालं तरी लिहितात, 'वर पंचवीस हेही कुठे नाही. पण एकाच माशात असेल तर तो एक वेडावाकडा निघालेला मासा. सगळ्यांत असेल तर जात.' म्हणजे बाकीचे दहा हवेत. मारायचे नाहीत, फक्त भिंगाखाली फोटो आणि डीएनएसाठी पंखाचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा. नमुने त्यांचा माणूस ओढ्यावरून आणेल, पण एवढा पुरावा दिल्याशिवाय त्यांना तिकडे जायला पैसे कोणी देणार नाही.

माझ्यासाठी नको करूस. तुझ्या पंचवीससाठी कर.

विभावरी आगाशे

*

मुसफ्फा
६ जून २०२४

आदरणीय मॅडम,

तुमचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. आधी काम केलं, मग लिहायला बसलो.

चार गोदामातले, एक तुमच्या लॉबीतला. दोन शारजात एका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथे मोठ्या माशाने एक गिळला. काटा घशात अडकून तो मोठाही मेला आणि डॉक्टर माझ्यावरच चिडले. दुसरा मिळाला.

उरलेले तीन अल नहदात, महाडच्या हव्वाबींच्या घरी. त्या म्हणाल्या, "आमच्या रुकय्यानं नावं ठेवलीत त्यांची, द्यायचे नाय." रुकय्या सात वर्षांची. टाकीपुढे हात पसरून उभी राहिली, "You can't take them!" तिला डबीत मासा धरून भिंगातून कौलं दाखवली. तीही मोजायला लागली. अकरापर्यंत मोजून पुन्हा पहिल्यापासून, असं पाच वेळा. शेवटी म्हणाली, "Twenty-five! Uncle, same as you!" मॅडम, मी टाकीकडे तोंड करून उभा राहिलो. मासे फोटोसाठी नेले आणि आठवड्यात तिन्ही परत आणून दिले.

नऊ मासे. नऊही पंचवीस. फोटो आणि तुकड्यांच्या कुप्या किसनबरोबर. यादी मराठीत, अक्षरात.

तुमचा अर्धा विद्यार्थी,
जमाल

*

अल रीम आयलंड
१७ मार्च २०२५

प्रिय जमाल,

बसून वाच. लीमाचा माणूस तुझ्या नकाशावरून ओढ्यावर जाऊन आला. मेव्हणाच होडी घेऊन गेला. चौदा मासे मिळाले, चौदाही पंचवीस. डीएनए चाचणीतही वेगळी जात. नवा आहे, जमाल. नवा आहे!

आता एक पेच. बाईंना माशाला तुझं नाव द्यायचं आहे. मलाही. पण ज्याचं नाव लेखकांत असतं त्याने आपलंच नाव माशाला देऊ नये, असा शिरस्ता आहे. म्हणजे मासा 'जमाल' झाला तर तुझे आभार तळटिपेत. तू लेखक झालास तर माशाला दुसरं नाव. निवड तुझी. मी यात पडणार नाही, कारण मी पडले की काय होतं ते आपण पाहिलंय.

विभावरी आगाशे

*

मुसफ्फा
२० मार्च २०२५

आदरणीय मॅडम,

एक रात्रसुद्धा विचार करावा लागला नाही. माशाला माझं नाव नको. माझं नाव जिथे मोजणाऱ्याचं असतं तिथे लावा.

माशाचं नाव पंचवीस ठेवा. आकड्यात नाही, अक्षरात. म्हणजे दुनियेत कुठेही, कोणीही, कितीही कमी दिसत असताना वाचलं, तरी वीस वाचणार नाही. ही थट्टा आहे, रागावू नका.

तुमचा अर्धा विद्यार्थी,
जमाल

*

अल रीम आयलंड
११ सप्टेंबर २०२५

प्रिय जमाल,

सोबत छापील अंक. पहिल्या पानावर तीन नावं आहेत. लीमाच्या बाई, जमाल होडेकर, विभावरी आगाशे. तुझ्या नावाखाली पत्ता 'मुसफ्फा, अबू धाबी' आहे, तुला हवा होता तसा. माशाचं नाव पंचवीसच ठेवलंय, लीमात त्याला 'पांचाबीस' म्हणतात. 'व' म्हणायला त्यांना जमत नाही, पण पाच कोणी गाळत नाही.

चौथ्या पानावर तक्ता बघ. डाव्या बाजूला तुझ्या गोदामातली मोजणी, उजव्या बाजूला म्युझियमच्या सूक्ष्मदर्शकाखालची. मेलेला धरून दहा मासे, दोन रांगा, वीस आकडे. एकही वेगळा नाही. मी लाल पेन घेऊन बसले होते. सगळ्यांपुढे बरोबरची खूण करून ठेवली आहे, चोवीस वर्षांच्या व्याजासह.

आणि यापुढे ते 'अर्धा विद्यार्थी' लिहू नकोस. मला त्रास होतो.

विभावरी

*

मुसफ्फा
९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मॅडम,

अंक मिळाला. मुदीरने गोदामाच्या दारावर त्याची झेरॉक्स लावली आणि खाली अरबीत मोठ्ठा पंचवीस लिहिला. किसन जाता-येता मोठ्याने "वीस!" वाचतो आणि पळतो.

एक प्रत इनायाला पाठवली होती. ती आता रत्नागिरीत आपल्याच कॉलेजात एस.वाय.ला आहे, झूलॉजी घेतलंय. तिने अंक लॅबमध्ये नेला. तिथल्या सरांनी पहिलं पान बघून विचारलं, "यातले होडेकर तुझे कोण?" ती म्हणाली, "अब्बा. तेही याच लॅबमध्ये होते, सर." सरांनी तक्त्याचं पान फलकावर लावलं. मग मुलांना मासे वाटले आणि म्हणाले, आज आधी मोजायचं, पुस्तक नंतर उघडायचं.

तिला काजळी नदीतला मिळाला. अंगावरच्या रेषेतली खवलं तिने चार वेळा मोजली. एकेचाळीस. फोनवर मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडली, म्हणून वहीच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला. तो इथे छापून पाठवतोय. तिने अक्षरात लिहिलंय. सरांनी खोडलेलं नाही. खाली पेन्सिलीने लिहिलंय, 'पुन्हा तोच मासा बघू या.'

तुम्ही बघाल का, मॅडम?

तुमचा विद्यार्थी,
जमाल होडेकर